लोखंडाला महाग तारे

खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सारे 'धातू', अगदी ऑक्सिजनसुद्धा! (रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी कानांवर हात ठेवावेत.) या हिशेबाने आकाशगंगेच्या बाह्य प्रभामंडळातले म्हातारे तारे कमालीचे गरीब. २००७मध्ये डॅनिएला कॅरोलो आणि सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणातल्या २० हजारांहून अधिक ताऱ्यांवरून दाखवले, की आतल्या प्रभामंडळात लोह सूर्याच्या साधारण १/४० भरते, बाहेरच्यात जेमतेम १/१६०. शिवाय बाहेरचे तारे सरासरीने उलट्या दिशेने फिरतात. म्हणजे गिळंकृत झालेल्या छोट्या दीर्घिकांतून आलेले बहुधा उपरेच. कंगालपणाची हद्द म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीला सापडलेला, २०१४मध्ये जाहीर झालेला तारा. त्यात लोह सूर्याच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी आहे, पण कार्बन मात्र सापडला.