परवान्याचा कायदा आणि ऊसतोडीचा हंगाम

दारूचे दुकान वस्तीत कसे येते, असे आपल्या कार्यकर्त्यांना विचारले तर पैसा, राजकारण आणि पोलीस या तीन शब्दांत उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दुकान कागदावरून येते. त्या कागदाचा प्रवास ज्याला ठाऊक नाही, त्याचा मोर्चा कितीही मोठा असला तरी निवेदन देऊन कचेरीच्या फाटकावरून परत येतो. त्या प्रवासाची माहिती करून घेणे, आणि बीड जिल्ह्यापुरती त्यात जी एक विशेष अडचण आहे ती समजून घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठवाड्यात जुनी माणसे दारूच्या दुकानाला अजूनही गुत्ता म्हणतात. गुत्ता म्हणजे ठेका. निजामाच्या राज्यात आबकारीचे उत्पन्न ठेक्याने वसूल होत असे. ठेकेदार तो गुत्तेदार, आणि त्याचे दुकान तो गुत्ता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या कायद्याने इकडेही लागू झाला. गुत्ता गेला, परवाना आला. कायद्याचे नाव दारूबंदीचे आणि त्यातला मोठा कारभार परवाने देण्याचा, हा विसंवाद तेव्हापासून चालू आहे. या कायद्याप्रमाणे विकणाऱ्यालाच नव्हे तर पिणाऱ्यालाही परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला. पिणाऱ्याचा परवाना कोणी पाहत नाही, हा भाग वेगळा.

या उत्पन्नाकडे कसे पाहावे, हे बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना दाखवून दिले होते. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि आबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे मांडला, आणि लोकांकडून दारूच्या रूपाने जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी मागणी केली. पुढे १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. परंतु आपल्याकडे प्रतिज्ञेची आठवण नवऱ्याला करून देण्याचे काम बाईवर सोडले गेले आणि हिशेबाची आठवण सरकारला करून देण्याचे काम कोणीच घेतले नाही.

आता कागदाकडे येऊ. देशी दारूच्या किरकोळ विक्रीचे नवे परवाने देणे शासनाने १९७० च्या दशकापासून जवळजवळ थांबवले आहे. याचा अर्थ दुकाने वाढत नाहीत असा कोणी घेईल. पण जुना परवाना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतो. म्हणून आपल्या वस्तीजवळ अचानक उघडलेले दुकान बहुधा नवे नसते, ते कुठून तरी स्थलांतर करून आलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा हे राज्यभर दिसून आले. १ एप्रिल २०१७ नंतर हमरस्त्यावरची दुकाने आतल्या जागा शोधू लागली. लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतली दुकाने या आदेशातून सुटली. मधल्या काळात ज्या वस्त्यांच्या तोंडाशी दुकाने येऊन बसली त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही.

विचारण्याची पद्धतच आपल्याकडे नाही, हे नीट समजून घ्यावे. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याप्रमाणे दारूचा किंवा करमणुकीच्या जागेचा परवाना मागणाऱ्याला त्या जागेवर फिकट निळ्या कागदाची नोटीस २८ दिवस लावून ठेवावी लागते. त्या मुदतीत कोणीही नागरिक म्हणणे मांडू शकतो, आणि तसे म्हणणे आले तर स्थानिक नगरपरिषदेच्या समितीला सुनावणी घ्यावीच लागते. इंग्रजांचे सगळे चांगले असे मुळीच नाही. परंतु तिथे हरकत दुकान उघडण्याआधी ऐकली जाते. आपल्याकडे अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे जातो, पोलिसांचा अहवाल येतो, जागेची मोजणी होते, जिल्हाधिकाऱ्यांपुढे फाइल जाते. गावात ग्रामसभेचा ठराव मागतात, पण तो ठराव किती वेळा सभेत होतो आणि किती वेळा हजेरीवहीत होतो, हे शिक्षक वाचकांना मी सांगायला नको.

मोजणीची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. परमिट रूम शाळेपासून किंवा धर्मस्थळापासून ७५ मीटरच्या आत असू नये असा नियम आहे. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजत नाहीत. पायी जाणारा माणूस ज्या वाटेने जातो त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत मोजतात. म्हणून दुकानाचे दार मागच्या गल्लीत काढले की अंतर वाढते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. धर्मस्थळ म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेचे स्थळ. गावातले देऊळ बहुधा नोंदलेले असते. आपले विहार लोकवर्गणीतून, गायरानाच्या कडेला, समाजमंदिराच्या एका खोलीत उभे राहते. तिथे रोज वंदना होते, पण धर्मादाय कार्यालयात त्याचा कागद नसतो. मोजणीच्या टेपाला असे विहार दिसत नाही. ज्या बौद्धवाड्यांनी अजून न्यासाची नोंदणी केली नसेल त्यांनी ती दुकानाचा प्रश्न येण्याची वाट न पाहता करावी.

करमणुकीच्या जागांचा प्रश्न याच कचेरीतला, पण वेगळ्या कायद्यातला आहे. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात रस्त्याकडेला जी लोकनाट्य कला केंद्रे आहेत त्यांना परवाना मिळतो तो १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांप्रमाणे. अशा केंद्राबद्दल तक्रार झाली की केंद्रातली दारू आणि केंद्रातली बाई यांना एकाच वाक्यात बसवले जाते. ही सवय जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे वगांच्या संहिता तपासायला मंडळ नेमले. तमाशा जगवणारे महार, मांग, कोल्हाटी कलावंत, आणि तपासणारे विद्वान. २००५ साली डान्स बारवर बंदी आली तेव्हा साध्या बारमधले नृत्य बंद झाले आणि तारांकित हॉटेलांना सूट मिळाली. हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केला. त्या बंदीबाबत दलित स्त्रियांच्या चळवळीतही दोन मते होती. जातीने गळ्यात बांधलेले नाचणे संपलेच पाहिजे, असे एक. आणि दुसरे काम न देता पोट बंद करू नका, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि मी स्वतः दुसऱ्याकडे झुकतो. केंद्राविरुद्ध अर्ज लिहायचाच झाला तर तो बेकायदा दारूविरुद्ध आणि मालकाविरुद्ध लिहावा. परवाना रद्द झाला की मालक दुसऱ्या नावाने दुसऱ्या रस्त्यावर जातो. पायात चाळ बांधणारी बाई मात्र पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत कायमची राहते.

आता उघडलेले दुकान बंद कसे करता येते ते पाहू. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दारूविक्रीवर नियंत्रणाचे अधिकार दिले आहेत. बीड जिल्हा त्यात येत नाही. आपल्यासाठी मार्ग एकच, शासनाच्या २००८ च्या आदेशाने मिळालेला, ज्याला लोक आडवी बाटली म्हणतात. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची. उत्पादन शुल्क खात्याने सह्यांची पडताळणी करायची. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मेख पुढे आहे. झालेल्या मतदानात बहुमत मिळून भागत नाही. यादीत नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदार, खासदार निवडून यायला ही अट नाही. गावातले एक दुकान बंद करायला आहे.

ही अट बीड जिल्ह्यात कशी लागू होते ते हिशेबाने पाहू. समजा एका गावात ८०० महिला मतदार आहेत. मागणीला २०० सह्या लागतील आणि दुकान बंद व्हायला ४०१ मते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. पट्टा पडतो तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. समजा ३०० बाया गेल्या. गावात उरल्या ५००. त्यांतल्या प्रत्येक पाचांपैकी चार बायांनी मतदानाला येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरी ४०० च होतात, ४०१ च्या आकड्याला एक मत कमीच पडते. उरलेल्यांत बाळंतिणी आहेत, म्हाताऱ्या आहेत, गुत्त्याच्या मालकाच्या घरच्या बायाही आहेत. म्हणजे फडात ऊस तोडणाऱ्या ३०० बायांचे मत त्यांना न विचारता उभ्या बाटलीला पडते. आणि दुकानाचा सगळ्यात अधिक ताप यांनाच होत असतो. उचलीचा पैसा त्यांच्या घरात येतो आणि हंगामाआधीच गल्ल्यात जातो, फिटायचे ओझे मात्र कोयत्याच्या दोन्ही हातांवर पडते.

हा आकडा दुकानदाराला आपल्याआधी कळतो. मागणीचा अर्ज भाद्रपदात दिला आणि सह्यांची पडताळणी लांबली, कधी अधिकारी आले नाहीत म्हणून, कधी नावातल्या काना-मात्र्याचा फरक काढून, तर मतदान हंगामात जाते आणि दुकान वाचते. यात दरवेळी कोणाचा हात असतोच असे नाही. कचेरीची चाल मुळात संथ असते आणि ती संथ चाल कोणाच्या तरी उपयोगी पडते.

म्हणून वेळापत्रक आपण ठरवले पाहिजे. ग्रामसभेच्या नेहमीच्या चार तारखांपैकी २६ जानेवारी आपल्या कामाची नाही. तेव्हा निम्मी वस्ती फडावर असते. १ मे च्या ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेता येते, टोळ्या परत आलेल्या असतात. मागणीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, पोच घ्यावी आणि पोचेवर तारीख मागून घ्यावी. पडताळणी जूनमध्ये व्हावी आणि मतदान पोळ्याच्या आत व्हावे, असा आग्रह लेखी धरावा, आणि अर्जातच लिहावे की या गावातील इतक्या महिला मतदार ऊसतोडीला जातात, तरी हंगामात मतदान ठेवू नये. कारण लेखी दिलेले असेल तर पुढे आयुक्तांकडे आणि शासनाकडे दाद मागताना ते कागदावर राहते. परवानाधारक वकील घेऊन येणार हे गृहीत धरावे.

याआधीचे एक काम हिवाळ्यातच करून ठेवावे लागते, आणि त्यासाठी गावात राहिलेली कॉलेजची मुले पुरेशी आहेत. मतदारयादीची प्रत घेऊन एकेक घर तपासावे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत तशीच असतात. वारलेल्या म्हाताऱ्यांची असतात. एकाच बाईचे नाव दोनदा असते. अशी प्रत्येक दोन नावे यादीतून गेली की दुकान बंद करायला लागणारे एक मत कमी होते. नाव कमी करण्याचा आणि नव्याने आलेल्या सुनेचे नाव घालण्याचा छापील अर्ज तहसील कार्यालयात मिळतो. आठशेची यादी तपासायला तीन पोरांना दोन रविवार लागतात.