घरचा औषधाचा डबा
जळगाव-धुळ्याच्या व्यापारी घरांत दिवसभर गादीवर बसून गुडघे दुखतात, कंबर धरते आणि वेदनाशामक गोळी नित्याची होते. तिने जठराचे अस्तर दुबळे होऊन व्रण पडू शकतो. तो टाळण्यासाठी डॉक्टर कधी मिसोप्रोस्टॉल देतात. काही वेदनाशामक गोळ्यांतही ते मिसळलेले असते. ते जेवणाबरोबर घ्यावयाचे असल्याने एकासन वा उपवासाच्या दिवशी काय करावे, हे आधीच विचारावे. जुलाब लागल्यास कळवावे. काळी विष्ठा वा रक्ताची उलटी दिसताच रुग्णालय गाठावे. याच औषधाने गर्भाशय आकुंचन पावून गर्भपात होऊ शकतो. म्हणून सासूबाईंची ‘पोटाची गोळी’ गरोदर सुनेला कदापि देऊ नये. डबा एक असला, तरी प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी असते.