सूर्यपंपाच्या अर्जापूर्वीं विहीर पाहावी

धायरीचा उरलेला ग्रामीण भाग २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेला. येथील पुष्कळ विहिरी इमारतींखालीं गडप झाल्या. परंतु ज्या खातेदारांच्या जमिनी सिंहगडाच्या बाजूस अद्याप पिकतात, ते हल्लीं एकच प्रश्न विचारीत असतात कीं, सरकारी सवलतीचा सूर्यपंप घ्यावा किंवा कसें. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली असल्यामुळें अर्ज लिहून घेण्यास मंडळी आमच्याकडे येतात. त्यांस आम्ही पंपाविषयीं नंतर, विहिरीविषयीं आधीं विचारतों.

रात्रपाळीच्या विजेचा जाच शेतकऱ्यास सांगावयास नको. मोट होती तेव्हां रात्रीं बैल गोठ्यांत व माणूस घरांत असे. विजेचा पंप आला आणि माणूस मात्र मध्यरात्रीं दारें धरण्यास निघाला. आपल्याच जिल्ह्यांत जुन्नरकडे उंसांत बिबट्या वस्ती करून आहे. तेथें दिवसां वीज मिळणें हा जिवाचा प्रश्न झाला आहे.

यावर सरकारनें दोन मार्ग काढले. पहिला स्वतंत्र पंपाचा. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ सालीं व राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ सालीं निघाली. राज्याच्या योजनेंत किंमतीचा दहावा हिस्सा शेतकऱ्यानें भरावयाचा. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानें शेंकडा ५. अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप, असें प्रमाण ठरविलें. ज्यांच्या शेतांत विजेची जोडणी नाहीं त्यांच्यासाठीं हा मार्ग आहे.

दुसरा मार्ग मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनीचा. तो २०१७ सालीं सुरू होऊन २०२३ सालीं वाढविण्यांत आला. यांत उपकेंद्राजवळ सूर्यविजेचा प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीस दिवसां वीज द्यावयाची असते. प्रकल्पाकरितां खासगी जमीन हेक्टरीं सालीना सव्वा लाख रुपये भाड्यानें, दरसाल शेंकडा ३ वाढीनें घेण्याचें ठरलें. याच पुणें जिल्ह्यांत मुळशीस विजेच्या धरणापायीं जमिनी कायमच्या गेल्या व १९२१ सालीं सत्याग्रह झाला. त्या मानानें भाडेपट्टा बरा, मात्र मुदतीचें कलम दोनदां वाचल्यावांचून सही करूं नये. ज्यांची जोडणी चालू आहे त्यांनीं ती सोडण्याची घाई करूं नये, असें आमचें मत आहे.

आतां विहिरीचा कागद. सातबारावर पाण्याच्या साधनाची नोंद नसेल तर अर्ज अडतो. सामाईक मालकी असेल तर सहहिस्सेदारांचें ना-हरकत पत्र लागतें. आमच्या नोकरींत पाहिलेलें एक प्रकरण सांगतों. विहीर दोघां भावांनीं मिळून खोदली, परंतु ती थोरल्याच्या गटांत पडली आणि धाकट्याचा निम्मा हिस्सा इतर हक्कांत लिहावयाचा राहिला. वडील होते तोंवर पाळ्या सुरळीत चालल्या. पुढें थोरल्यानें इंजिन बसविलें आणि धाकट्याचा मळा दोन सालांत जिरायत झाला. कज्जा चालला; पण साक्षीदार म्हातारे होऊन गेले होते. सूर्यपंप तर एकाच्याच नांवें होतो व सबंध दिवस चालतो. म्हणून हिस्सा व पाळीचे वार आधीं लिहून, तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) नोंद करून घ्यावी, मग अर्ज करावा.

पंप किती पाणी देईल हें खोलीवर अवलंबून असतें. तेवढ्याच उन्हांत पाणी दुप्पट उंच चढवावयाचें झाल्यास तें साधारण निम्मेंच मिळतें. सकाळीं धार बारीक, दुपारीं भरपूर आणि सायंकाळीं पुन्हां बारीक होते. ढग आला कीं लगेच उतरते. म्हणून दुपारचें पाणी हौदांत किंवा शेततळ्यांत साठवून ठिबकानें द्यावें हें उत्तम. पॅनेलचीं तोंडें दक्षिणेस असावीं. एकाच पॅनेलवर बाभळीची सावली पडली तरी त्या रांगेतील सर्वांची वीज घटते. धूळ पहाटे, कांच गार असतांना, साध्या पाण्यानें धुवावी. दुरुस्तीची व विम्याची हमी ५ वर्षांची असते, तिचा कागद जपून ठेवावा.

या पंपास बिल नाहीं, आणि आमची खरी धास्ती तीच. बिलाच्या भयानें पूर्वी बटन बंद होई. आतां सूर्य मावळेपर्यंत उपसा चालेल. म्हणून वैशाखांत गांठी मारलेली दोरी सोडून पाण्याची पातळी पाहावी, दोन तास उपसा करावा व तितकें पाणी पुन्हां भरण्यास किती वेळ लागतो तें मोजावें. पाझर मंद असेल तर, जमिनीच्या मानानें साडेसात अश्वशक्तीचा हक्क असला तरी, अर्जांत ५ किंवा ३ च मागावे. कमी शक्तीचा पंप मागण्यास योजनेंत मुभा आहे.