एका जहाजात मुंबई ते पुणे

गोदीतल्या हमालाच्या हातात पूर्वी लोखंडी आकडा असायचा. तो पोत्यात रुतवायचा, ओझं पाठीवर घ्यायचं आणि फळीवरून जहाजाच्या पोटात उतरायचं. एकेक जहाज भरण्यात दिवसच्या दिवस जात. १९५६ साली अमेरिकेत असा माल चढवायला टनामागे सुमारे ५ डॉलर ८३ सेंट पडत.

त्याच वर्षी २६ एप्रिलला माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे सोडलं. त्यावर ५८ पेट्या, म्हणजे कंटेनर, होत्या. चढवण्याचा खर्च टनामागे १६ सेंटांवर आला, म्हणजे छत्तिसाव्या हिश्श्यावर! पैसा समुद्रात नव्हे, धक्क्यावर बुडतो, हे मॅकलीनने ओळखलं होतं. वाचलेल्या त्या पैशात हमालांची मजुरीही होती. जगभरच्या गोद्यांमधून तो लोखंडी आकडा नाहीसा झाला आणि कागदावरचे आकडे फुगत गेले.

किती फुगले? २०२५च्या जूनमध्ये केरळच्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ हे जहाज आलं. वीस फुटी पेट्यांच्या हिशेबात त्याची क्षमता २४,३४६. एवढ्या पेट्या एकापुढे एक मांडल्या तर रांग होते जवळपास १४८ किलोमीटरची. मुंबईहून निघालेली रांग थेट पुण्याला टेकते! आणि हे सगळं मावतं ४०० मीटर लांबीच्या एका जहाजात.

आता आपलं न्हावा शेवा घ्या. १९८९मध्ये सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५मध्ये सुमारे ७३ लाख पेट्या हाताळल्या. दिवसाला २०,०००. रात्र, पाऊस, सणवार काहीही असो, दर सव्वाचार सेकंदांना एक पेटी. वर्षभराच्या पेट्यांची रांग केली तर ती ४४,००० किलोमीटर भरते. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे उरणच्या खाडीकाठचं हे बंदर एका वर्षात पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालून वर उरतं. मी हा गुणाकार तीनदा करून पाहिला. शांघाय बंदराने मात्र २०२४मध्ये ५ कोटी पेट्यांचा टप्पा ओलांडला. पालघरच्या वाढवण बंदराची आखणी वर्षाला २ कोटी ३२ लाख पेट्यांची आहे, ती या शर्यतीकडे पाहूनच.

एवढं अवाढव्य यंत्र किती नाजूक असतं, हे २३ मार्च २०२१ला दिसलं. ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं रुतलं. जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. सहा दिवस कालवा बंद राहिला आणि चारशेहून अधिक जहाजं खोळंबली. पुढे २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी बहुतेक मोठी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे पंधरा दिवस फार जवळून कळतात. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड पेटीत, साधारण १३ टन द्राक्षं बसतात. अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यांत, भरली तर २६,००० पनेट. पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग, खोक्यात बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद, मग शून्य अंशाच्या आसपासचा गारवा नेदरलँड्सपर्यंत सांभाळायचा. मणी घडावरून झडले, देठ वाळून तपकिरी झाला, की वर्षभराच्या मेहनतीचा भाव पडतो.

म्हणूनच मला या साखळीतला सर्वांत मोठा नियोजनकार बंदरात नाही, बागेत दिसतो. ऑक्टोबर छाटणी झाली की सुमारे चार महिन्यांनी घड काढणीला येतात. हातात जेवढे प्लॉट असतील त्या सगळ्यांची छाटणी एकदम उरकली, तर सगळा माल एकाच आठवड्यात पॅकहाऊसच्या दारात येतो. रीफर पुरत नाहीत, जहाजात जागा मिळत नाही, बाजारही त्याच आठवड्यात तुंबतो. त्यामुळे जाणते बागायतदार एकत्र बसून छाटणीच्या तारखा वाटून घेतात. या आठवड्यात ओढ्याकाठचा प्लॉट, पुढच्यात विहिरीजवळचा. वेलीवर एकही पान फुटलेलं नसतं, तेव्हाच फेब्रुवारीतल्या जहाजाची जागा त्या कात्रीने धरलेली असते.