केळ पडली, केळी पडली

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या चांदनीत शाळा हिंदी, दुकानातलं बोलणं हिंदी, आणि काही घरांत आजी मात्र मराठी. शेजारच्या नेपानगरच्या कागद गिरणीचं लोकार्पण नेहरूंनी १९५६ साली केलं. वर्तमानपत्राचा कागद देशात पहिल्यांदा तिथेच बनला, आणि गिरणीपाठोपाठ नाना बोलींची माणसं आली. माझ्या सुट्टीतल्या मराठी वर्गातल्या पोरांना मराठी कळतं सगळं, पण बोलायला लागली की ‘माझी चहा’, ‘माझी पुस्तक’. हिंदीत चाय आणि पुस्तक दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणजे पोरांनी नियम पाळलाय, फक्त शेजारच्या घरचा.

मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) लिंगविचार सविस्तर आहे. शिक्षकानं तो जरूर वाचावा. आठ-दहा वर्षांच्या पोरांपुढे व्याख्या मांडू नयेत. मी अंगणात खडूनं तीन रिंगणं काढते: तो, ती, ते. चिठ्ठी उचलायची, योग्य रिंगणात उडी मारायची आणि माझा, माझी किंवा माझं लावून बोलायचं. सुरुवातीला ‘ते’चं रिंगण ओस पडतं. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे घर, दही, पाणी सगळं ‘तो’त कोंबलं जातं. म्हणून आता आधी वासरू, कोकरू, पिल्लू यांच्या चिठ्ठ्या टाकते. ‘माझं पिल्लू’ कुणी चुकत नाही. त्याच्यामागून घर आणि दही आपसूक येतात.

पण ही झाली नुसती निवडानिवड. व्याकरण सुरू होतं ते नाम बदलल्यावर बाकीचं वाक्य हलतं तेव्हा. त्यासाठी पोरांचीच आगगाडी. पुढे नाम, मागे विशेषण, शेवटी क्रियापद. क्रियापदाच्या गळ्यात लाल गोल. ही खूण माँटेसरी पद्धतीतली, तिथे नामाला काळा त्रिकोण असतो. इंजिन ‘आंबा’ असेल तर ‘मोठा’, ‘पडला’. इंजिन ‘कैरी’ झालं की मागच्या दोघांनी लगेच शेपटं बदलायची. ‘लाल’ झालेल्या मुलाला मात्र काहीच करावं लागत नाही. इंजिन कुठलंही येवो, तो लालच. त्यामुळे ‘लाल’ व्हायला भांडणं.

खरी गंमत बुऱ्हाणपूरच्या पिकानं आणली. केळ म्हणजे झाड, ती. केळं म्हणजे फळ, ते. अनेक झाली की केळी. ‘मोठी केळ पडली’ आणि ‘मोठी केळी पडली’ या दोन गाड्या आल्या, आणि मागचे डबे अक्षरशः सारखे! वर्ग दोन्ही बाजूंनी ओरडायला लागला. वाऱ्यानं केळ आडवी होणं आणि हातगाडीवरून चार केळी घरंगळणं यांतला फरक बागवाल्यांच्या पोरांना समजावावा लागत नाही. त्यांना हवी होती फक्त खूण. ‘एकच ठेवा’, मी म्हटलं. तेव्हा ‘मोठं केळं पडलं’ झालं आणि ‘केळी’ निमूटपणे ‘ते’च्या रिंगणात गेली.

कोरकू बोलणाऱ्या घरातल्या एका मुलानं विचारलं, ‘मॅडम, खिडकी बाई कशी?’ प्रश्न अगदी रास्त. मुंडा कुळातल्या त्याच्या भाषेत नामांची वाटणी स्त्री-पुरुष अशी नाही, सजीव-निर्जीव अशी आहे. शिवाय एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं. मग एक डाव त्याच्या नियमांनी खेळलो. दोन माणसं आली की मराठी पोरं बिनधास्त ‘अनेक’मध्ये शिरत, आणि तो प्रत्येकाला हाताला धरून बाहेर काढे. वर्गातला एरवीचा गप्प मुलगा त्या दिवशी पंच होता.

पटकन सांगेल त्याला बक्षीस, हा प्रकार मी बंद केला. त्यात चपळ पोरं पुढे जातात आणि ज्यांच्यासाठी खेळ मांडला ती कडेला उभी राहतात. आता बाद झालेल्यानं गाडीशेजारी उभं राहून ऐकायचं आणि डबा चुकला की शिट्टी फुंकायची. शिट्टी फुंकली की बरोबर रूप सांगायची जबाबदारी त्याचीच. हल्ली काहीजण मुद्दाम बाद होतात.