घोडा पुढे जाऊ शकेल का?

येवल्याच्या घोडेबाजारात आपण आधी दात बघतो, मग चाल. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मात्र थांब्यावर आधी ठोके मोजतात. निवांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४. इथे ठरलेल्या वेळात ते साधारण ६४ किंवा त्याखाली यायला हवेत. पण तेवढ्यावर भागत नाही, बरं का. घोडा दुडक्या चालीने नेऊन आणायचा, मिनिट भरलं की पुन्हा मोजायचं. आकडा चढला, तर थकवा किंवा दुखणं आत दडलंय अशी शंका घ्यायची. चालताना मान एका पावलाला वर उडते का, पोटात गुडगुड ऐकू येते का, तेही पाहायचं. स्वार म्हणतो, ‘अहो, अजून ओढतोय की!’ ओढेलच तो. कळपातला प्राणी दुखणं लपवतो. म्हणून निर्णय स्वाराकडे नसतो, पशुवैद्याकडे असतो.