परमुलखातला हिशेब

भाताची कापणी उरकते, नागली-वरई खळ्यावरून घरात येते, दिवाळी सरते आणि खोडाळ्याच्या नाक्यावर बोचकी दिसू लागतात. एका बोचक्यात गोधड्या आणि कपडे, दुसऱ्यात तवा, पातेली, तांदळाची पिशवी. वर एखादी कोंबडी पाय बांधून ठेवलेली. बाई, बाप्या, दोन-तीन पोरे, कधी म्हातारीही. जीप किंवा टेम्पो येतो, मुकादम नावे पुकारतो, माणसे चढतात. कुणी कसाऱ्याच्या वाटेने भिवंडी-कल्याणकडे, कुणी वसईकडे, कुणी नाशिकच्या द्राक्षबागांकडे. कुठे चाललात म्हणून विचारले तर उत्तर एकच असते, ‘जगायला.’

मोखाडा-जव्हार भागात रोजगारासाठी बाहेर पडण्याला हाच शब्द आहे. त्याच्यात तक्रार नाही, कौतुकही नाही. पाऊस इथे धो धो पडतो, पण डोंगरउताराच्या जमिनीवरून वाहून जातो. पाणी अडवायला धरणे बांधली ती मुंबईच्या नळांसाठी. 2014 मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्याच्या कुशीत आहे, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. एका पिकावर वर्ष निघत नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची कुपोषित बालके वर्तमानपत्रांत आली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या डोंगरांचा पत्ता लागला. पत्ता लागला, पण वाट बदलली नाही. दिवाळीनंतर बोचकी आजही बाहेर पडतात.

आपल्याला ‘परदेश’ म्हटले की विमानतळ आठवतो. पण माणूस परका व्हायला समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. खोडाळ्याचा वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी दोन-तीन तासांच्या वाटेवर भिवंडीत उतरतो तेव्हा त्याचा पोलीस पाटील, सरपंच, भाऊबंद, ओळखीचा दुकानदार सारे मागे राहिलेले असतात. समोर असतो तो फक्त मुकादम आणि शेठ. फसवणुकीला नेमकी हीच जागा लागते. नीट पाहिले तर तिचे चार खांब दिसतात. माणसाला पैशाची निकड असते, तो आपल्या माणसांपासून तुटलेला असतो, कागद त्याला वाचता येत नाही, आणि त्याला घाई केली जाते. हे चार जुळले की फसवणारा फार हुशार असावा लागत नाही.

ही रीत जुनी आहे. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. ‘ॲग्रीमेंट’चा उच्चार बिघडून ‘गिरमिट’ झाला आणि मजूर झाला गिरमिटिया. कागदावर पाच वर्षांचा करार आणि ठरलेली मजुरी. पण मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी तिथली रीत होती. आजारी पडलेला माणूस महिनाअखेरीस हिशेबाला उभा राहायचा तेव्हा हातात काय पडत असेल याची कल्पना करावी. भारतातून गिरमिटावर माणसे पाठवणे 1917 मध्ये थांबले. वजावटीची ती वही मात्र अजून मिटलेली नाही.

तीन फटकारे

ही वही चालते कशी, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, रीत मात्र नेहमीची आहे.

पावसाळ्यात घरातले धान्य संपते, कुणी आजारी पडतो, लग्न निघते. मुकादम दारात येऊन ‘बयाणा’ देतो, म्हणजे हंगामाची उचल. समजा एका जोडप्याने 30,000 रुपये उचलले. वीटभट्टीवर ते दोघे मिळून दिवसाला 800 विटा थापतात, आठवड्याचे सहा दिवस, असे 22 आठवडे. एकूण विटा झाल्या 1,05,600. हजारी भाव 800 रुपये ठरला असेल तर मजुरी झाली 84,480. दर आठवड्याला बाजारासाठी 1,500 रुपये ‘खर्ची’ मिळाली, तिची बेरीज 33,000. उचल आणि खर्ची मिळून 63,000 वजा केले तर घरी परतताना जोडप्याच्या हातात 21,480 रुपये पडायला हवेत.

आता शेठची वही उघडते. पावसाने आणि फुटीने दहा टक्के विटा गेल्या म्हणून त्या वजा. उरल्या 95,040. भाव 800 नव्हे, 700 ठरला होता. मजुरी झाली 66,528. खर्ची दर आठवड्याला 1,800 दिल्याची नोंद आहे, म्हणजे 39,600. त्यात 30,000 ची उचल मिळवली की झाले 69,600. जोडप्याकडेच 3,072 रुपये निघतात! ‘फिकीर करू नका, पुढच्या वर्षी फेडा.’

कुणी मारले नाही, कुणी खिसा कापला नाही. पेनाचे तीन फटकारे, आणि साडेचोवीस हजार रुपये एका खिशातून दुसऱ्यात गेले. शिवाय पुढच्या दिवाळीनंतर कुठे जायचे हे ठरवण्याचा हक्कही त्याच वहीत गहाण पडला. घेणे मोठे वाटते तिथे मूळ उचल मोठी असतेच असे नाही. 2021 मध्ये याच मोखाडा तालुक्यातल्या एका मजुराची बातमी महाराष्ट्राने वाचली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या 500 रुपयांपोटी त्याला राबवून घेतले गेले आणि अखेर त्याने जीव दिला, अशी तक्रार पोलिसांत नोंदली गेली. पाचशे रुपये! शहरात एका संध्याकाळी आपण तेवढे सहज खर्च करतो.

कायदा कुणाच्या बाजूचा?

फसलेल्या मजुराला सर्वांत जास्त धाक असतो तो एका वाक्याचा. ‘तू पैसे घेतलेस, आता काम सोडून गेलास तर पोलिसात देईन.’ हे वाक्य सरळ खोटे आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा 1976 चा. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणे या कायद्याने गुन्हा ठरवले. असे कर्ज रद्द समजले जाते, ते वसूल करता येत नाही. एखाद्या मजुराने ‘हे वेठीचे कर्ज आहे’ असे म्हटले तर ते तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. मजुराने पुरावे गोळा करत हिंडायचे नाही. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणे हीसुद्धा राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरीच होय, असे ते म्हणाले.

कायदा मात्र आपल्या पायांनी भट्टीवर चालत येत नाही. त्याला माणसे आणावी लागतात. 1945 मध्ये तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला, त्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर उभे होते. लग्नासाठी चार पैसे घेतले म्हणून नवराबायकोने आयुष्यभर सावकाराकडे राबायचे, ही ती लग्नगडीची रीत. पुढे 1982 मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसईच्या भागात श्रमजीवी संघटना उभी केली, तिच्या कामाची सुरुवातच वेठबिगारांच्या मुक्तीतून झाली. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची गवता-पेंढ्याची झोपडी. आईबापांबरोबर आलेल्या पोरांची पाटी तिथेच भरू लागली.

या शाळांचे मोल साक्षरतेपेक्षा मोठे आहे. घरातले जे पोर बेरीज-वजाबाकी करू शकले असते तेच शाळा सोडून भट्टीवर विटा वाहत असते. म्हणजे घरातला हिशेबनीसच शेठच्या कामाला लागलेला असतो. पोराची शाळा टिकली तर घराचा हिशेब टिकतो.

निघण्यापूर्वी

मग करायचे काय? ‘जाऊच नका’ म्हणणे सोपे आहे, पण ते पोट भरलेल्याचे शहाणपण झाले. जायचे तर कसे जायचे, हे सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे वीस रुपयांची एक वही. शेठची वेगळी, आपली वेगळी. उचल किती आणि कुणासमोर घेतली, हजारी भाव काय ठरला, फुटीचे नुकसान कुणाचे, हे निघण्याआधी गावात चार माणसांदेखत लिहावे. रोजच्या विटा रोज लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर शंभराला एक रेघ ओढावी. आठवड्याला खर्ची घेताना त्याच वहीत शेठची किंवा मुकादमाची सही घ्यावी. सही द्यायला जो टाळाटाळ करतो त्याने पहिल्याच आठवड्यात आपली ओळख दिली असे समजावे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. मुकादमाचे पूर्ण नाव, मालकाचे नाव, भट्टीचे गाव, गाडीचा नंबर हे सारे घरी राहणाऱ्या म्हातारीकडे आणि ग्रामपंचायतीत ठेवावे. नुसता मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे, तो एका दिवसात बंद होतो. शहरातल्या मजूर नाक्यावर तर ही फसवणूक रोजचीच. दोन दिवस खोदकाम करून घ्यायचे, ‘पैसे उद्या’ म्हणायचे, आणि उद्या तो माणूसही नाही आणि त्याचा फोनही नाही. अनोळखी ठेकेदाराकडे एकट्याने जाऊ नये. चौघांनी मिळून जावे आणि पहिल्या दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी मागावी.

तिसरी गोष्ट अंगठ्याची. पूर्वी अंगठा कागदावर उठायचा, आता यंत्रावर उठतो. गावोगावी बँकेचे काम करणाऱ्या माणसाकडे छोटे यंत्र असते. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की खात्यातून पैसे निघतात. ‘ठसा लागला नाही, पुन्हा ठेवा’ असे म्हणत दोनदा पैसे काढून एकदाच हातात देणे, ही नव्या काळातली मापातली लबाडी. प्रत्येक वेळी पावती मागावी, पासबुक भरून घ्यावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, एटीएम कार्ड मुकादमाकडे ‘जपायला’ देऊ नये. दोन-चार हजारांच्या लोभाने आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला तर मुळीच देऊ नये. त्यातून चोरीचा पैसा फिरला की पोलीस खातेदाराच्या दारात येतात. रेशनसाठी शेठच्या दुकानावर अवलंबून राहण्याचेही कारण नाही. आपल्या कार्डावरचे धान्य आता दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही उचलता येते. असंघटित कामगारांसाठी 2021 मध्ये सुरू झालेली ई-श्रम नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे मागणारा आपला खिसा भरतो आहे.

आणि फसगत झालीच तर? भट्टी ज्या तालुक्यात आहे तिथल्या तहसीलदाराकडे किंवा प्रांताधिकाऱ्याकडे जावे. वेठबिगारीतून सुटका करून मुक्तीचा दाखला देण्याचे अधिकार त्यांच्याकडे आहेत, आणि पुनर्वसनाची सरकारी मदत त्या दाखल्यापासूनच सुरू होते. आदिवासींना, स्त्रियांना आणि वेठबिगारांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा फोन क्रमांक आहे 15100. पोरे कामाला जुंपलेली दिसली तर 1098. खात्यातून पैसे गेले तर वेळ न दवडता 1930.

आपल्या घरातला खोडाळा

हे सारे वाचताना शहरातल्या एखाद्या वाचकाला वाटेल, बिचारे अडाणी लोक! पण जरा आपल्या घरात डोकावू. शिकायला परदेशी गेलेला मुलगा खोली न पाहताच अनामत पाठवतो आणि तिथे पोचल्यावर त्या पत्त्यावर भलतेच कुणी राहत असते. त्याला ‘इमिग्रेशन खात्यातून’ फोन येतो, तुझ्या कागदात चूक आहे, तासाभरात दंड भर, कुणाला सांगू नकोस. 2022 मध्ये संगणक शिकलेले भारतीय तरुण थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने निघाले, त्यांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले आणि इतरांना फोनवरून फसवण्याच्या कामाला जुंपले. पदवी होती, इंग्रजी येत होते. निकड, एकटेपणा, न कळणारा कागद आणि घाई हे चार खांब मात्र तेच होते. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्याने केंद्र सरकारची नोंदणी बंधनकारक केली आहे. ती नोंदणी न विचारता पैसे भरणारा बाप आणि भाव न विचारता बयाणा घेणारा मजूर, यांत फरक तो किती?

उपायही दोघांना एकच. घाई करणाऱ्याला ‘उद्या सांगतो’ म्हणायचे आणि त्या एका रात्रीत आपल्या माणसाशी बोलायचे. ‘कुणाला सांगू नकोस’ हे शब्द कानावर पडले की लगेच कुणाला तरी सांगायचे. लाज वाटते म्हणून गप्प बसलेला माणूस फसवणाऱ्याच्या कामाचा.

आपली आणखीही एक जबाबदारी आहे. आपल्या घराच्या भिंतींतल्या विटा कुणीतरी थापलेल्या असतात. घर बांधायला काढले तर ठेकेदाराला एवढेच विचारावे, माणसे कुठली, आणि त्यांचा हिशेब कधी होतो? प्रश्न लहान आहे, पण मालक विचारतो आहे म्हटल्यावर ठेकेदाराची वही जरा सरळ होते.

शिमग्याला ही माणसे खोडाळ्याला परततात. होळी पेटते, बोहाड्याची सोंगे निघतात, गावात चार दिवस गजबज असते. जीपमधून उतरणाऱ्याच्या बोचक्यात तोच तवा, तीच पातेली असतात. फरक पडायचा तो कमरेच्या गाठीत. त्या गाठीत 21,480 रुपये असणार की 3,072 रुपयांचे देणे, हे ठरवणारी वही त्याच्या हाती असली पाहिजे.